चिंचोक्यातली साखर संगणकावर: गुंतागुंतीच्या शर्करा-रेणूंची चित्रं काढायला शिकताना

मे महिन्यात आमच्या गोव्यातल्या बोरीच्या घरी चिंच फोडायला बसलो की संध्याकाळपर्यंत सुपात चिंचोक्यांचा ढीग साठतो. लहानपणी आम्ही ते दगडावर घासून किंवा फोडून एका बाजूने पांढरे करायचो आणि पटावर दान टाकायला घ्यायचो. देशावर हेच चिंचोके भाजून, दळून, पाण्यात शिजवून त्यांची खळ करतात आणि ती घोंगडीला लावतात. त्या खळीचा चिकटपणा एका शर्करेमुळे येतो. तिचं नाव झायलोग्लुकॅन. चहात घालायच्या साखरेशी तिचं नातं आहे, पण चेहरा अगदी वेगळा: लांबच लांब कणा आणि त्याला ठरावीक अंतरावर फुटलेल्या फांद्या.

पदवीच्या मुलांना मी जेव्हा शर्करांची चित्रं संगणकावर काढायला शिकवते तेव्हा सुरुवात याच रेणूपासून करते. तो आपल्या स्वयंपाकघरातला आहे, त्याला फांद्या आहेत, आणि त्याचा एक तुकडा जेमतेम सात घटकांचा आहे. हा लेख वाचत वाचत तुम्ही तो सात घटकांचा तुकडा आधी चिन्हांनी काढाल, मग त्रिमितीत उभा कराल आणि शेवटी त्याच्या वळणांचा आलेख मांडाल. रसायनशास्त्र बारावीपर्यंतचं पुरे. संगणकाची भीती नसली म्हणजे झालं.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढच्या सगळ्या पायऱ्या तिच्यावर उभ्या आहेत. सॉफ्टवेअर चुकीची साखरसुद्धा तितक्याच सुबकपणे काढून देतं. चित्र बरोबर आहे की नाही हे तुम्हालाच जोड वाचून ठरवावं लागतं.

पायरी पहिली: संगणक बंद ठेवा आणि जोड वाचायला शिका

समईतली कापसाची वात आणि ताटातलं भाताचं शीत, दोन्ही जवळजवळ पूर्णपणे ग्लुकोजचेच बनलेले. वातीत सेल्युलोज आहे, शितात स्टार्च. दोन्हीकडे एका ग्लुकोजचा पहिला कार्बन पुढच्या ग्लुकोजच्या चौथ्या कार्बनला ऑक्सिजनच्या पुलाने जोडलेला. फरक इतकाच की शितात तो जोड अल्फा आहे आणि वातीत बीटा. अल्फा जोडाची साखळी वळत जाऊन मळसूत्र होते, साधारण सहा ग्लुकोजला एक वेढा. बीटा जोडाची साखळी सरळ राहते, शेजारच्या साखळ्यांना घट्ट बिलगते आणि तिचा धागा होतो. म्हणून पेज पचते आणि वात पचत नाही. तुमच्या चित्रात अल्फा आणि बीटा यांची अदलाबदल झाली तर तुम्ही भाताच्या जागी कापूस काढलेला असतो.

अल्फा-बीटा म्हणजे नेमकं काय? ग्लुकोजचं वलय षटकोनी: पाच कार्बन आणि एक ऑक्सिजन. सहावा कार्बन वलयाच्या बाहेर, फांदीसारखा. पहिल्या कार्बनवर जो ऑक्सिजन बसतो तो वलयाच्या एका किंवा दुसऱ्या अंगाला असू शकतो. नेहमीच्या चित्रात सहावा कार्बन वर काढतात. पहिल्या कार्बनवरचा ऑक्सिजन खाली असेल तर अल्फा, वर असेल तर बीटा. वलय आडवं काढायची ही पद्धत ज्यांच्या नावाने चालते त्या नॉर्मन हॉवर्थ यांना १९३७ साली रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

आता वही घ्या आणि एक मोजणी स्वतः करा. दोन ग्लुकोज किती तऱ्हांनी जोडता येतील? पहिल्याचा पहिला कार्बन दुसऱ्याच्या २, ३, ४ किंवा ६ क्रमांकाला जोडता येतो. (पाचव्या कार्बनचा ऑक्सिजन वलयातच अडकलेला असतो.) प्रत्येक जोड अल्फा किंवा बीटा, म्हणजे आठ. शिवाय दोघांचे पहिले कार्बन एकमेकांना जोडले तर अल्फा-अल्फा, अल्फा-बीटा आणि बीटा-बीटा असे आणखी तीन. एकूण अकरा. प्रथिनांतलं अमिनो आम्ल घ्या, दोन अॅलानिन नेहमीच्या पेप्टाइड बंधाने जोडा, एकच रेणू मिळतो. शर्करांचं चित्र काढताना इतकी काळजी का घ्यायची ते या अकरा आकड्यात आहे.

पायरी दुसरी: पाटावर रेणू मांडा

ही पायरी मुलं गाळायला बघतात. गाळू नका.

एक पाट घ्या, त्यावर चार चिंचोके एका ओळीत ठेवा. हे चार ग्लुकोज, म्हणजे कणा. चिंचोक्यांच्या मधल्या जागेत खडूने लिहा: बी १-४, तीन वेळा. (बी म्हणजे बीटा, ए म्हणजे अल्फा; आकडे जोडलेल्या कार्बनचे.) आता डावीकडच्या तीन चिंचोक्यांच्या वरच्या अंगाला एकेक हरभरा ठेवा. हे झायलोज, पाच कार्बनी साखर. हरभरा आणि चिंचोका यांच्या मध्ये लिहा: ए १-६. उजवीकडचा शेवटचा चिंचोका तसाच उघडा राहू द्या. ते रिड्यूसिंग टोक, म्हणजे ज्या ग्लुकोजचा पहिला कार्बन कुणाशी जोडलेला नाही ते.

झाला तुमचा सात घटकांचा तुकडा. वनस्पतींच्या पेशीभित्तिकांवर काम करणाऱ्यांनी १९९३ मध्ये अशा तुकड्यांना एकाक्षरी नावं ठरवून घेतली. उघड्या ग्लुकोजला जी, झायलोज लागलेल्या ग्लुकोजला एक्स, आणि त्या झायलोजवर आणखी एक गॅलॅक्टोज बसलेला असेल तर एल. तेव्हा पाटावरचा तुकडा झाला एक्सएक्सएक्सजी. चिंचोक्यात याच्या जोडीने एक्सएलएक्सजी, एक्सएक्सएलजी आणि एक्सएलएलजी हेही असतात, आणि सगळ्यांत जास्त असतो तो शेवटचा. दुसऱ्या आणि तिसऱ्या हरभऱ्यावर एकेक शेंगदाणा ठेवलात की तोही पाटावर तयार. जोड लिहा बी १-२.

चवथीला गणपतीच्या डोक्यावर फळापानांची माटोळी बांधताना आमच्याकडे आधी लाकडी चौकट टांगतात, मग कुठल्या आडव्या काठीला काय बांधायचं ते घरातलं वडील माणूस खालून सांगतं. शर्करेच्या रेणूतही आधी कणा, मग फांद्या, आणि प्रत्येक फांदी कुठल्या क्रमांकाला बांधली ते पक्कं. पाटाचा फोटो मोबाइलवर काढून ठेवा. पुढे संगणकावरचं चित्र याच फोटोशी ताडून बघायचं आहे.

पायरी तिसरी: चिन्हं ओळखा

प्रत्येक साखरेचे सगळे अणू काढत बसलो तर सात घटकांतच कागद भरून जातो. म्हणून जगभर एक चिन्हपद्धती वापरतात, तिचं संक्षिप्त नाव एसएनएफजी. २०१५ मध्ये ती प्रसिद्ध झाली आणि आज बहुतेक सॉफ्टवेअर तीच पाळतात. तिची गंमत अशी की आकार घराणं सांगतो आणि रंग त्यातला सदस्य.

वर्तुळ म्हणजे साधी सहा कार्बनी साखर: निळं वर्तुळ ग्लुकोज, हिरवं मॅनोज, पिवळं गॅलॅक्टोज. याच साखरांच्या दुसऱ्या कार्बनवर नायट्रोजन आणि अॅसिटिल गट आला की वर्तुळाचा चौकोन होतो, रंग तोच राहतो. कोळंबीच्या सालातलं कायटिन ज्याचं बनतं तो एन-अॅसिटिलग्लुकोसामाइन म्हणजे निळा चौकोन. पाच कार्बनी साखरांना तारा: नारिंगी तारा आपला झायलोज, हिरवा तारा अॅरॅबिनोज. तांबडा त्रिकोण फ्युकोज. सियालिक आम्लाच्या नेहमीच्या प्रकाराला जांभळा समभुज चौकोन, टोकावर उभा केलेला. युरॉनिक आम्लांना तसाच समभुज चौकोन पण आडवा दुभागलेला, अर्धा रंगीत, अर्धा पांढरा.

हे एकदम पाठ करू नका. आपल्या रेणूला फक्त निळं वर्तुळ, नारिंगी तारा आणि पुढे पिवळं वर्तुळ एवढंच लागतं. बाकीची चिन्हं लागतील तशी ओळखीची होतील.

रंग मात्र मनाने निवडू नका. पद्धतीत प्रत्येक रंगाचे आकडे ठरलेले आहेत. लाल-हिरवा-निळा या क्रमाने हिरव्यासाठी ०, १६६, ८१. पिवळ्यासाठी २५५, २१२, ०. नारिंगीसाठी २४४, १२१, ३२. तांबड्यासाठी २३७, २८, ३६. हाताने चित्र जुळवायची वेळ आली तर हे आकडे कामाला येतात. चित्र वाचायची दिशाही ठरलेली आहे: रिड्यूसिंग टोक उजवीकडे, फांद्या डावीकडे फुटत जातात.

पायरी चौथी: रेणू एका ओळीत लिहा

संगणकाला पाट दिसत नाही, त्याला ओळ लागते. ही ओळ रोमन अक्षरांतच टाइप करावी लागते: ग्लुकोजसाठी जी-एल-सी, झायलोजसाठी एक्स-वाय-एल, गॅलॅक्टोजसाठी जी-ए-एल, प्रत्येकातलं पहिलं अक्षर मोठं, अल्फासाठी छोटा ए, बीटासाठी छोटा बी. इथे मी ती उच्चाराप्रमाणे लिहिते:

झायल(ए१-६)ग्लक(बी१-४)[झायल(ए१-६)]ग्लक(बी१-४)[झायल(ए१-६)]ग्लक(बी१-४)ग्लक

ही ओळ उजवीकडून वाचायची सवय लावा. अगदी उजवा ग्लुकोज म्हणजे आपला उघडा चिंचोका. त्याच्या डावीकडचा ग्लुकोज त्याला बीटा १-४ ने जोडलेला. त्या ग्लुकोजच्या लगेच आधी चौकटी कंसात जे आहे ती त्याची फांदी. असं डावीकडे सरकत जा. सगळ्यांत डावीकडच्या ग्लुकोजवर एकच गोष्ट लागलेली आहे, झायलोज. म्हणून तिथे कंस लागत नाही, ओळ तिथूनच सुरू होते. नवशिक्यांचा घोटाळा नेमका इथे होतो. ते तिथेही कंस टाकतात, मग ओळीची सुरुवात कंसानेच होते आणि सॉफ्टवेअर अडखळतं.

लिहून झालं की तीन गोष्टी तपासा. उघडलेले कंस आणि बंद केलेले कंस सारखे आहेत का. ग्लुकोज चार आणि झायलोज तीन आहेत का. आणि प्रत्येक जोडातला दुसरा आकडा ज्या साखरेवर जातो, त्या साखरेला त्या क्रमांकाचा कार्बन आहे का.

तिसरी तपासणी मी अनुभवातून घातली आहे. एका वर्षी २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनासाठी मुलांनी एक्सएलएलजीचं मोठं भित्तिचित्र केलं. रंग चोख, रेषा सरळ, छपाई उत्तम. ते मी तपासलं होतं. दुपारी एक पाहुणे अध्यापक चित्रासमोर बराच वेळ उभे राहिले आणि त्यांनी हळूच विचारलं, "झायलोजला सहावा कार्बन कुठून आला?" मुलांनी गॅलॅक्टोज झायलोजला बीटा १-६ ने जोडला होता. झायलोजला कार्बन पाचच. जिथे बीटा १-२ हवं होतं तिथे शेजारच्या जोडातला सहा नकळत उतरला होता, सॉफ्टवेअरने एका शब्दाने हरकत घेतली नव्हती, आणि मीही चित्राच्या देखणेपणाकडे पाहत राहिले होते. मुलांनी त्याच दुपारी कागदाची पट्टी चिकटवून तो आकडा दुरुस्त केला. तेव्हापासून माझ्या वर्गात चित्राआधी ओळ तपासली जाते.

पायरी पाचवी: चिन्हांचं चित्र काढा

इथे तुमच्यापुढे मुख्यतः तीन वाटा आहेत.

माऊसने एकेक चिन्ह टाकत चित्र जुळवायचं असेल तर ग्लायकनबिल्डर. साखर निवडा, जोड निवडा, पुढची साखर टाका. टाइप करण्याची भानगड नाही. पहिल्या दिवसासाठी छान, पण वीस रेणू काढायचे झाले तर हात दुखतो.

दुसरी वाट ड्रॉग्लायकन-एसएनएफजी. यात वरची ओळ टाकली की चित्र मिळतं.

तिसरी वाट ग्लायकोड्रॉ. हे पायथॉन भाषेतल्या ग्लायकोवर्क या पॅकेजचा भाग आहे आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालं. पायथॉन थोडंसं जरी येत असेल तरी मी हेच घ्यायला सांगते. एकदा ओळ बरोबर लिहिली की पन्नास रेणूंची पन्नास चित्रं एकाच साच्यात निघतात, आणि चूक सापडली तर ओळीतला एक आकडा बदलून सगळं पुन्हा काढता येतं. घरी चांगला संगणक नसेल तर गूगल कोलॅबवर, म्हणजे ब्राउझरमध्येच पायथॉन चालवायच्या सोयीवर, चालवा. ब्राउझर आणि बरं नेट एवढंच लागतं. पावसात आमच्याकडे वीज जाते तेव्हा मी कोलॅबची वही (नोटबुक) मोबाइलवरच उघडते आणि काम अडत नाही.

कोलॅबमध्ये क्रम असा. नवी वही उघडा. पहिल्या खान्यात पिप या आज्ञेने ग्लायकोवर्क बसवा. दुसऱ्या खान्यात त्याच्या चित्रविभागातून ग्लायकोड्रॉ आयात करा. तिसऱ्या खान्यात ग्लायकोड्रॉ लिहून कंसात अवतरणचिन्हांमध्ये आपली ओळ द्या आणि खाना चालवा. चार निळी वर्तुळं, तीन नारिंगी तारे आणि रेषांवर जोडांचे आकडे दिसले पाहिजेत. चित्र उभं हवं असेल किंवा आटोपशीर हवं असेल तर त्याचे पर्याय याच कंसात देता येतात, आणि फाइलचं नाव दिलंत तर चित्र थेट साठवलं जातं.

आता पाटाचा फोटो शेजारी उघडा आणि चित्र त्याच्याशी ताडा, उजवीकडून डावीकडे, एकेक जोड बोटाने दाखवत.

त्यानंतर वजन करा. साखळीत बसलेल्या ग्लुकोजचं किंवा गॅलॅक्टोजचं वजन १६२.१४, झायलोजचं १३२.१२, आणि दोन्ही टोकांसाठी मिळून पाण्याचा एक रेणू, १८.०२. चार ग्लुकोज म्हणजे ६४८.५६, तीन झायलोज म्हणजे ३९६.३६, वर पाणी, बेरीज १०६२.९४. सॉफ्टवेअरने किंवा कोष्टकाने दिलेलं वजन याच्या आसपास नसेल तर एखादी साखर सुटली आहे किंवा दोनदा पडली आहे. जोडाची चूक मात्र वजनात कधीच सापडत नाही, कारण अल्फाचं आणि बीटाचं वजन एकच. तिथे डोळेच लागतात.

पायरी सहावी: रेणू उभा करा

चिन्हांचं चित्र म्हणजे घराचा नकाशा. घर कसं दिसतं ते बघायला अणूंच्या जागा लागतात. त्यासाठी ग्लायकॅम-वेब हे अमेरिकेतल्या जॉर्जिया विद्यापीठातल्या संशोधकांनी उभं केलेलं संकेतस्थळ वापरा. त्याच्या कार्बोहायड्रेट बिल्डरमध्ये साखरा एकेक निवडत रेणू बांधता येतो किंवा ओळही देता येते. त्याची ओळ लिहायची तऱ्हा जराशी वेगळी: प्रत्येक साखरेच्या नावाआधी डी किंवा एल, नंतर सहाकोनी वलयासाठी पी, आणि उजव्या टोकाला मोकळा ओएच. पहिल्या वेळी ओळ लिहूच नका, निवडत बांधा. मग त्याने स्वतः तयार केलेली ओळ वहीत उतरवून घ्या. त्यातून ती तऱ्हा आपोआप कळते.

तयार झालेली फाइल पीडीबी स्वरूपात, म्हणजे अणूंच्या जागा नोंदवायच्या ठरावीक स्वरूपात, उतरवून घ्या. नेट कच्चं असेल तर फाइल उतरेपर्यंत पान बंद करू नका.

ती उघडायला पायमॉल, काइमेरा-एक्स किंवा व्हीएमडी, यांपैकी एक पुरे. तिन्ही एकदम शिकायला जाऊ नका. नवशिक्यांना मी पायमॉलपासून सुरुवात करायला सांगते, त्याची मुक्तस्रोत आवृत्तीही मिळते. फाइल उघडलीत की आधी हायड्रोजन लपवा, नाहीतर पांढऱ्या ठिपक्यांच्या गर्दीत वलयं दिसत नाहीत. रेणू काड्यांच्या रूपात दाखवा. पार्श्वभूमी पांढरी करा. आणि मग घाई न करता रेणू माऊसने फिरवत राहा.

काय बघायचं? ग्लुकोजचं वलय सपाट नसतं, आरामखुर्चीसारखं वाकलेलं असतं: एक टोक वर, समोरचं टोक खाली. बीटा ग्लुकोजच्या खुर्चीवर सगळे मोठे गट बाजूला पसरलेले असतात, वर किंवा खाली सरळ उभा एकही नसतो. कण्यातले चारही ग्लुकोज असेच दिसले पाहिजेत. शेवटच्या, उघड्या ग्लुकोजला तुम्ही अल्फा निवडलं असेल तर त्याचा पहिला कार्बन तेवढा अपवाद. झायलोज अल्फा जोडाने लागला आहे, म्हणून त्याच्या पहिल्या कार्बनपासून निघणारा ऑक्सिजन खुर्चीला काटकोनात उभा दिसेल. पुढे गॅलॅक्टोज जोडलात तर त्याच्या चौथ्या कार्बनवरचा ऑक्सिजनही तसाच उभा असतो. ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज यांच्यातला फरक तेवढाच. खुर्ची उलटी झालेली किंवा नावेसारखी दिसली तर थांबा आणि रेणू पुन्हा बांधा.

व्हीएमडी वापरणाऱ्यांसाठी त्यात शर्करांकरिता खास दोन रूपं आहेत. पेपरचेन वलयाचं पोट रंगाने भरतं आणि वलय किती वाकलं आहे त्याप्रमाणे रंग बदलतं. ट्विस्टर वलयांच्या मधून फीत नेतं, त्यामुळे साखळी कुठे पीळ घेते ते एका नजरेत कळतं. मोठ्या रेणूंसाठी मला ट्विस्टर फार आवडतं.

खऱ्या प्रथिनावरची शर्करा बघायची असेल तर प्रोटीन डेटा बँकेच्या संकेतस्थळावर जा आणि ६व्हीएक्सएक्स ही नोंद उघडा. हा करोना विषाणूचा काटा (स्पाइक प्रथिन). तिथलं मोलस्टार हे दर्शक शर्करा ओळखून त्यांवर त्रिमितीतली चिन्हं बसवतं: वर्तुळाचा गोळा, चौकोनाचा घन. या काट्याच्या तीनपैकी प्रत्येक प्रथिन-साखळीवर शर्करा लागू शकतील अशा २२ जागा आहेत. चित्रात मात्र बऱ्याच जागी एखाददुसरा निळा घनच दिसतो. पुढची शर्करा-साखळी प्रत्यक्षात असते, पण ती इतकी हलते की प्रयोगात तिच्या जागा पकडता येत नाहीत. चित्रात नाही म्हणून रेणूत नाही, असा निष्कर्ष शर्करांच्या बाबतीत कधी काढू नका.

या बँकेत साखरांची तीन अक्षरी नावं असतात आणि त्यांत अल्फा-बीटा वेगळे धरलेले असतात. जीएलसी म्हणजे अल्फा ग्लुकोज, बीजीसी म्हणजे बीटा. एमएएन म्हणजे अल्फा मॅनोज, बीएमए म्हणजे बीटा. नोंद वाचताना नावावर बोट ठेवून बघा.

पायरी सातवी: वळणांचा आलेख

दोन साखरांमधल्या ऑक्सिजनच्या पुलावर दोन बाजूंना दोन पीळ असतात. त्यांना फाय आणि साय म्हणतात. १-६ जोडात सहावा कार्बन वलयाबाहेर असल्यामुळे आणखी एक पीळ येतो, ओमेगा. आपल्या तुकड्यात कण्याचे तीन जोड, प्रत्येकी दोन पीळ. फांद्यांचे तीन जोड, प्रत्येकी तीन. एकूण पंधरा आकडे. या पंधरा आकड्यांत रेणूचं वळण बहुतेक सगळं सामावलेलं आहे.

ते मोजायला पायमॉलच्या विझर्ड यादीतून मेजरमेंट निवडा, त्यात डायहेड्रल, म्हणजे पिळाचा कोन. मग चार अणूंवर ओळीने क्लिक करा. फायसाठी: डावीकडच्या साखरेचा वलयातला ऑक्सिजन, तिचा पहिला कार्बन, पुलाचा ऑक्सिजन, उजवीकडच्या साखरेचा जोडलेला कार्बन. १-४ जोडाच्या सायसाठी: पहिला कार्बन, पुलाचा ऑक्सिजन, पुढच्या साखरेचा चौथा कार्बन, मग पाचवा. काही जण पाचव्याऐवजी तिसरा कार्बन धरतात, आणि मग आकडा सुमारे १२० अंशांनी सरकतो. काही जण फाय हायड्रोजनपासून मोजतात. तुम्ही कुठले चार अणू घेतले ते आलेखाखाली लिहा, नाहीतर तुमचा आलेख दुसऱ्या कुणाच्याही आलेखाशी जुळणार नाही.

कण्याचे जोड सेल्युलोजसारखेच बीटा १-४ आहेत. या मोजणीने सेल्युलोजच्या स्फटिकात फाय साधारण उणे ९५ च्या आणि साय उणे १४५ च्या आसपास पडतो. तुमचे आकडे थोडे इकडेतिकडे असतील, ते ठीक. पूर्ण उलट्या चिन्हाचे आले तर अणूंचा क्रम किंवा जोड पुन्हा बघा.

आलेख मॅटप्लॉटलिबने काढा किंवा ग्नूप्लॉटने, ज्याची सवय असेल त्याने. आडव्या अक्षावर फाय, उभ्यावर साय, दोन्ही अक्ष उणे १८० ते अधिक १८०, आणि चौकट चौरस. एकाच रेणूचे तीन ठिपके बघून फारसं कळत नाही. ग्लायकॅम-वेबवर १-६ जोडांची वेगवेगळी वळणं निवडून रेणूच्या चार-पाच ठेवणी उतरवून घ्या आणि सगळ्यांचे ठिपके एका आलेखावर टाका, कण्याचे निळे, फांद्यांचे नारिंगी.

इथे एक सापळा आहे. कोन गोल फिरतात. उणे १७९ आणि अधिक १७९ यांच्यात अंतर दोनच अंशांचं, पण आलेखावर ते दोन टोकांना पडतात. त्यांची साधी सरासरी घेतली तर शून्य येतं, म्हणजे नेमकी विरुद्ध दिशा. सरासरी हवीच असेल तर कोनांच्या साइन आणि कोसाइनची सरासरी काढून त्यावरून कोन परत काढा. आणि ठिपक्यांचा पुंजका चौकटीच्या कडेला कापला जात असेल तर अक्ष ० ते ३६० करून बघा, बहुतेक वेळा पुंजका अखंड दिसतो.

मराठीतून आलेख करणाऱ्यांना आणखी एक अडचण येते. मॅटप्लॉटलिबच्या बऱ्याच आवृत्त्या नेहमीच्या पद्धतीने देवनागरी मांडतात तेव्हा पहिली वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला पडते आणि जोडाक्षरं फुटून हलन्त अक्षरं सुटी दिसतात. "ग्लायकोसिडिक" हा शब्द तर ओळखू येत नाही. फाँट बदलून हे सुटत नाही. मी आलेख अक्षरांविना साठवते, एसव्हीजी स्वरूपात, आणि इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून तिथे मराठी नावं टाकते. तिथे अक्षरं नीट जुळतात. पाच मिनिटं जास्त लागतात, पण आपल्या मुलांना आपल्या भाषेतला स्वच्छ आलेख हातात मिळतो, आणि मला ती पाच मिनिटं कधीच जड वाटली नाहीत.

पायरी आठवी: साठवा आणि छापा

मूळ चित्र एसव्हीजी किंवा पीडीएफमध्ये ठेवा, कितीही मोठं केलं तरी रेषा फाटत नाहीत. त्रिमितीतलं चित्र पीएनजीमध्ये, छापायचं असेल तर ३०० डीपीआयने.

छापण्याआधी चित्र एकदा काळ्या-पांढऱ्यात बघा. एन-अॅसिटिलग्लुकोसामाइन आणि एन-अॅसिटिलगॅलॅक्टोसामाइन दोन्ही चौकोन, फरक फक्त निळ्या-पिवळ्याचा. झेरॉक्स काढली की दोन्ही करडे होतात. वर्गात झेरॉक्सच वाटायच्या असतील तर चिन्हांखाली नावं लिहा. रंग ओळखायला अडचण असणाऱ्यांनाही त्याचा उपयोग होतो.

चित्रासोबत तीन गोष्टी त्याच फोल्डरमध्ये ठेवा: मूळ ओळ, पीडीबी फाइल, आणि पाटाचा फोटो. सहा महिन्यांनी कुणी विचारलं की हा जोड असा का, तर उत्तर तिथेच सापडतं.

आता हाच रेणू एक्सएलएलजी करून बघा. दुसऱ्या आणि तिसऱ्या झायलोजच्या आधी गॅलॅक्टोज, जोड बीटा १-२. ओळीत दोन्ही चौकटी कंसांच्या आतच बदल करायचा आहे, बाहेर काहीही हलवायचं नाही. वजन १३८७.२२ यायला हवं. ते आलं की मग जोड मोजा.